सीटची हवा दर पावसाळ्यात बंद पडते: फॅन बदलण्याआधी काय तपासायचं

गोव्यात गाडीतल्या व्हेंटिलेटेड सीटची, म्हणजे आतल्या फॅनने भोकांतून हवा खेळवणाऱ्या सीटची, तक्रार ठरलेल्या वेळी येते. मिरग लागून दोन-तीन आठवडे झाले, कार्पेटात ओल मुरली, की बटणावरचा दिवा लागतो पण पाठीला हवा लागत नाही. गॅरेजमध्ये फॅन बदलला जातो, उन्हाळाभर सगळं ठीक चालतं आणि पुढच्या जुलैत तीच सीट पुन्हा गप्प. असं दोनदा झालं असेल तर तिसरा फॅन घेऊ नका. दोष बहुतेक वेळा फॅनच्या खाली, कार्पेटच्या आतल्या फोममध्ये साचलेल्या पाण्यात असतो. फॅन हा त्या पाण्याचा शेवटचा बळी आहे.

खाली तपासण्या सोप्या आणि फुकट असलेल्यांपासून अवघड आणि खर्चिक असलेल्यांपर्यंत अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका. वरच्या चार-पाच पायऱ्यांतच बरीचशी कामं संपतात.

लक्षणं

"सीट चालत नाही" एवढ्यावरून निदान होत नाही. नेमकं काय होतंय ते आधी बघा.

दिवा लागतो, पण कान लावला तरी फॅनचा आवाज नाही: सप्लाय (वीज आणणारी वायर), अर्थ (वीज परत नेणारी वायर) किंवा कपलर (वायरी जोडणारा प्लग). फॅन जळलेला असू शकतो, पण तो संशय शेवटी.

आवाज येतो, हवा लागत नाही: वाट कुठेतरी बंद आहे. सीट कव्हर, भरलेली जाळी किंवा फॅन आणि कुशनमधली फाटलेली नळी.

बैठकीला हवा येते, पाठीला नाही, किंवा उलट: बऱ्याच गाड्यांत दोन वेगळे फॅन असतात, त्यांतला एक बंद आहे. अशा वेळी मुख्य फ्यूजवर वेळ घालवू नका. तो उडाला असता तर दोन्ही बंद पडले असते.

सुरू होते आणि थोड्या वेळात दिवा आपोआप विझतो: फॅन अडकतोय. कंट्रोल मॉड्यूल (फॅन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन-चार वेळा प्रयत्न करतं आणि सप्लाय तोडतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की पुन्हा तेच.

सीट पुढे सरकवली की बंद, मागे घेतली की चालू: वायर ताणली जातेय किंवा कपलर सैल आहे. हे लक्षण सापडलं तर नशीब समजा, कारण दोषाची जागा हातभर अंतरात सापडते.

घरघर, टिकटिक: पात्यांत वाळूचा कण, काटकी किंवा कागद. सतत वाढत जाणारी शीळ असेल तर बेअरिंग.

कुबट वास: सीट किंवा कार्पेट ओलं आहे. फॅन अजून चालत असला तरी हा वास म्हणजे पुढच्या बिघाडाची आगाऊ सूचना आहे, आणि या टप्प्यावर लक्ष दिलं तर खर्च जवळजवळ शून्य.

दोन्ही सीटची बटणं मेलेली: फ्यूज, बॅटरी किंवा मॉड्यूल. दोन सीटचे चार फॅन एकाच दिवशी जळत नाहीत.

आत काय असतं

व्हेंटिलेटेड सीटमध्ये स्वतःचा एसी नसतो. कुशनखाली आणि पाठीच्या मागे छोटे बारा व्होल्टचे ब्लोअर फॅन असतात. काही मॉडेल्समध्ये एकच फॅन दोन्हीकडे हवा पुरवतो. फॅनच्या वर फोममध्ये कोरलेले मार्ग, त्यावर जाळीदार थर आणि सर्वांत वर बारीक भोकांचं लेदर किंवा रेक्झिन. काही सीट हवा बाहेर फेकतात, काही आत ओढून घेतात. ओढणाऱ्या सीटवर वारा जाणवत नाही, फक्त पाठ कोरडी राहते. त्यामुळे "हवाच येत नाही" म्हणून आलेली सीट कधीकधी अगदी धडधाकट निघते.

दुसरी गोष्ट, सीट गाडीतलीच हवा फिरवते. पणजीच्या फेरी धक्क्याजवळ दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी उघडली आणि लगेच सीटचं बटण दाबलं, तर पाठीला गरम हवाच लागणार. हवा फेकणारी सीट ती हवा जमिनीलगत, सीटखालून घेते. एसी नुसता तोंडावर सोडला असेल तर खालची हवा बराच वेळ तापलेलीच राहते. आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी पायांकडे आणि तोंडाकडे असा दोन्हीकडे पाच-दहा मिनिटं सोडा आणि मग सीट तपासा. एवढ्यानेच तक्रार मिटली तर पुढचं वाचायची गरज नाही.

तपासणी १: कागद

इंजिन चालू ठेवा. बऱ्याच गाड्यांत फक्त इग्निशन ऑन करून सीटचा फॅन चालत नाही. सीटच्या हवेचा वेग सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा. लग्नाच्या पंगतीत मिळतो तसा पातळ पेपर नॅपकिन घ्या, त्याचा एकच पदर सोडवा आणि बैठकीच्या भोकांवर अलगद ठेवा. ओढणारी सीट असेल तर कागद चिकटतो आणि एका टोकाने उचलताना किंचित अडतो. फेकणारी असेल तर कडा थरथरते. मग पाठीला तोच कागद धरून बघा, आणि शेजारच्या चांगल्या सीटवरही. तुलना ही इथली खरी मोजपट्टी आहे. काय चाललंय आणि काय नाही हे दोन मिनिटांत कळतं. धूर बघायला उदबत्ती मात्र लावू नका. एक ठिणगी रेक्झिनला आणि खालच्या फोमला पुरते.

तपासणी २: वरचं आणि खालचं सामान

सीट कव्हर काढा आणि कागदाची चाचणी पुन्हा करा. "भोकांचं कव्हर आहे, हवा येते" असं कव्हर विकणारे सांगतात, पण त्या भोकांखाली फोमचा थर असतो आणि कव्हरची भोकं सीटच्या भोकांवर बसत नाहीत. हवा निम्मीशिम्मी अडतेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला साइड एअरबॅग असते. चुकीचं कव्हर ती उघडताना अडवतं. व्हेंटिलेटेड सीटवर कव्हर घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीट खराब होईल ही भीती असेल तर दर आठवड्याला ओलसर मऊ कापडाने पुसा. लेदरचं क्रीम किंवा पॉलिश मात्र सीटवर थेट ओतू नका. ते भोकांत जाऊन घट्ट बसतं आणि पांढरे ठिपके दिसू लागतात. कापडाला जरासं लावून पुसावं.

मग सीटखाली वाका. छत्री, पाण्याची बाटली, चप्पल, आणि सर्वांत वाईट म्हणजे प्लास्टिकची पिशवी. पिशवी हवेच्या तोंडाला जाऊन चिकटते, फॅन गुदमरतो आणि दिवा विझतो. सीटखाली काहीही ठेवायचं नाही, हा नियमच करून टाका.

पाच-सात थरांच्या जाड रेक्झिन मॅट गाडीभर बसवल्या असतील तर त्यांकडे संशयाने बघा. त्या सीटखालच्या कपलरला वर ढकलतात, आणि खाली शिरलेलं पाणी सुकू देत नाहीत. वर बोट फिरवलं तर कोरडं, खाली मात्र डबकं.

तपासणी ३: जाळी

टॉर्च घेऊन सीटखालच्या फॅनच्या तोंडाकडे बघा. डिचोली-सत्तरीकडच्या गाडीत इथे तांबड्या मातीचा पिठासारखा थर असतो, त्यात केस आणि कापडाचे धागे अडकून त्याची नमद्यासारखी चकती झालेली असते. बोटाने उचलली तर अख्खी निघते. किनाऱ्याकडच्या, कळंगुट-मोरजी-पाळोळेच्या गाड्यांत वाळू असते, आणि ती जास्त वाईट, कारण ती पात्यांपर्यंत पोचते.

व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून हळू ओढा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिने पातं कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतं, बेअरिंग जातं, आणि माती बाहेर येण्याऐवजी सीटच्या आत जाते. सीटच्या वरून भोकांवरही व्हॅक्यूम फिरवा.

तपासणी ४: वर्तमानपत्र

ही तपासणी लोक टाळतात आणि म्हणूनच दोष दरवर्षी परत येतो. कार्पेटचा वरचा केसाळ थर कोरडा लागतो, पण त्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम असतो आणि तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. मॅट काढा. वर्तमानपत्राची घडी सीटच्या पुढे आणि मागे कार्पेटवर ठेवा आणि तिच्यावर मिनिटभर उभं राहा. कागदावर ओला डाग उमटला तर खाली पाणी आहे. चारही जागी करा आणि कुठला डाग मोठा ते लक्षात ठेवा. पाणी कुठून येतं त्याचा हा पहिला धागा.

डाग दिसला तर कपलर साफ करणं, फॅन बदलणं सगळं तात्पुरतं. पाण्याचा भाग खाली सविस्तर आहे, तो आधी करा.

तपासणी ५: फ्यूज आणि बॅटरी

फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा किंवा गाडीचं मॅन्युअल बघून सीटचा फ्यूज शोधा. इग्निशन बंद करून काढा. फ्यूजचा रंग त्याची क्षमता सांगतो: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०. आतली पट्टी तुटलेली असेल तर तेवढ्याच क्षमतेचा नवा लावा. जास्त क्षमतेचा कधीच नाही. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज लावला की आधी वितळणारी वस्तू वायर होते, आणि ती कार्पेटखाली, फोमच्या शेजारी असते. नवा फ्यूजही उडाला तर तिसरा लावू नका. कुठेतरी शॉर्ट आहे, इथून पुढे ऑटो इलेक्ट्रिशियन.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास दाखवायला हवी. काही नव्या गाड्यांत हा आकडा चालताना खालीवर होतो, त्याची काळजी नको. पण बॅटरी कमजोर असेल तर काही गाड्यांचा कंट्रोलर आधी चैनीच्या वस्तू बंद करतो, आणि सीटचे फॅन त्यात येऊ शकतात. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, त्यात वायपर, दिवे, एसी सगळं चालू: पावसाळ्यात बॅटरी पुरती भरतच नाही.

तपासणी ६: कपलर

इथून साधनं लागतात. साधा मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा, जुना मऊ टूथब्रश आणि थोडं इलेक्ट्रिकल कामाचं सिलिकॉन ग्रीस.

सीट पूर्ण मागे घ्या, समोरून बघा, मग पूर्ण पुढे घेऊन मागून बघा. इग्निशन बंद करा, मगच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इलेक्ट्रिक सीट असेल तर हे सरकवणं आधीच उरकून घ्या.

सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसतील. त्या एअरबॅग आणि बेल्टच्या. त्यांना हात लावायचा नाही, ओढायचं नाही, आणि मल्टिमीटरची टोकं त्यात कधीही घालायची नाहीत. मीटरचा बारीक करंटसुद्धा एअरबॅग पेटवू शकतो.

फॅनचा कपलर सहसा लहान, तीन किंवा चार पिनांचा असतो. लॉक दाबून सरळ ओढा, वायर धरून नाही. आत नीट बघा. चांगली पिन चंदेरी, कोरडी दिसते. खराब पिनेवर हिरवट-पांढरी भुकटी असते, बहुतेक सप्लायच्या पिनेवर जास्त, कारण ओलाव्यात सप्लाय आणि अर्थ यांच्यामधून बारीक करंट सतत वाहत राहतो आणि सप्लायची पिन झिजवतो. भुकटी नखाने खरवडली आणि पिनेचा अर्धा भागच तिच्याबरोबर आला, तर कपलर बदलायला झाला.

भुकटी नुसती वरवर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, टूथब्रशने घासा, पुन्हा मारा, पूर्ण सुकू द्या. पॉलिश पेपर वापरू नका. पिनेवरचा पातळ मुलामा निघून जातो, खालचं उघडं तांबं महिनाभरात पुन्हा हिरवं होतं. सुकल्यावर कपलरच्या रबरी सीलला आणि पिनांना ग्रीसचा अगदी पातळ हात.

कपलरमधून बाहेर येणारी वायरही तपासा. पाणी तांब्याच्या तारांमधून वातीतल्या तेलासारखं वर चढतं. वायरचं टोक जरा सोलून बघा: तांबं चमकदार हवं. काळं असेल तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडा, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड गोव्याच्या हवेत एक पावसाळाही काढत नाही.

आणि सर्वांत उपयोगी, फुकटचं काम: कपलर कार्पेटवर पडू देऊ नका. सीटच्या फ्रेमला केबल टायने उंच बांधा, तोंड खाली करून, वायरला खाली एक छोटा झोळ ठेवून, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी कपलरमध्ये न जाता झोळातून खाली टपकतं. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून वायर ताणली जात नाही आणि रेलमध्ये चिमटत नाही, हे बघा.

तपासणी ७: सप्लाय आणि अर्थ, लोड देऊन

सगळे कपलर जोडा आणि मगच बॅटरी लावा. एखादा कपलर सुटा असताना इग्निशन ऑन केलं तर काही गाड्यांत वॉर्निंग लागून राहते. इंजिन चालू करा, हवेचा वेग वरच्या पातळीवर. मल्टिमीटरची बारीक टोकं फॅनच्या कपलरच्या मागून, वायरच्या बाजूने घाला. वायर टोचून मोजू नका. ते भोक पुढच्या वर्षीच्या गंजाचं दार होतं.

सप्लाय बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी असेल, किंवा अर्थच्या वायरवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत ०.२ व्होल्टहून जास्त दिसत असतील, तर फॅन निर्दोष असू शकतो. फॅन मुळीच फिरत नसेल तर नुसता मीटर फसवतो: तारेचे तीस धागे असतील आणि एकच धड असेल तरी मीटर पूर्ण १४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट घेतच नाही. म्हणून फक्त फॅनचा कपलर काढून सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. लखलखीत पेटला तर वायरिंग ठीक. मंद पेटला तर वाटेत अडथळा आहे, आणि तो बहुतेक सीटखालच्या अर्थच्या बोल्टवर मिळतो. हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थला. बाकीच्या एक-दोन बारीक वायरी वेग ठरवणाऱ्या सिग्नलच्या असतात, त्यांवर बल्ब लावला तर मॉड्यूल जाईल. कुठली वायर कसली हे वायरिंगच्या नकाशावरून पक्कं कळत नसेल तर बल्बची चाचणी करूच नका.

काही गाड्यांत फॅनचा सप्लाय मॉड्यूलकडूनच येतो आणि फॅन ओळखला गेला नाही की तो तोडला जातो. कपलर काढल्याबरोबर सप्लाय गायब होत असेल तर तसं डिझाइन आहे, त्यावरून मॉड्यूलला दोष देऊ नका.

तपासणी ८: फॅनची अदलाबदल

फॅनवरचा पार्ट नंबर वाचा. डाव्या-उजव्या सीटचे बैठकीचे फॅन एकाच नंबरचे असतील, आणि सीट न काढता खालून तीन-चार स्क्रू सोडवून फॅन निघत असेल, तर दोन्ही बदलून बघा. बंद फॅन चांगल्या जागीही बंद राहिला तर तो खरोखर गेला. चांगला फॅन वाईट जागी बंद पडला तर पैसे वाचले, दोष वायरिंगचा. फॅन बसवताना त्याच्या आणि कुशनच्या मधली फोमची पट्टी किंवा नळी फाटलेली नाही ना ते बघा. तिथून हवा गळली तर फॅन पूर्ण वेगात फिरतो आणि वर काहीच पोचत नाही.

पाणी कुठून येतं

डाव्या पुढच्या बाजूला ओला डाग असेल तर पहिला संशय एसीच्या ड्रेन पाइपवर. आपल्याकडच्या दमट हवेत एसी भरपूर पाणी काढतो. सपाट जागी एसी पंधरा मिनिटं चालू ठेवा, गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. पडत नसतील तर पाइप मातीने किंवा शेवाळाने तुंबलाय आणि ते पाणी कार्पेटात जातंय. खालून पाइपच्या तोंडात मऊ नायलॉनची दोरी किंवा बारीक नळी थोडीशी सरकवून मोकळं करा. लोखंडी तार घालू नका.

वायपरखालची जाळी हा दुसरा संशय. आंबा, फणस, काजू यांच्या खाली गाडी उभी राहत असेल तर तिथे पाला कुजून चिखल होतो, पाणी साचतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत येतं. मेच्या शेवटी हा पाला हाताने काढणं हे अख्ख्या यादीतलं सर्वांत स्वस्त काम आहे.

सनरूफ असेल तर तिच्या चौकटीच्या कोपऱ्यांत भोकं असतात. अर्धा पेला पाणी पुढच्या एका कोपऱ्यात हळूहळू ओता. ते त्या बाजूच्या पुढच्या दारापाशी किंवा चाकाजवळ बाहेर पडायला हवं. कोपऱ्यात साचून राहिलं तर नळी तुंबली आहे. इथेही कॉम्प्रेसरची हवा नको. नळी आतल्या जोडातून सुटते, आणि मग सगळं पाणी छताच्या आतून खांबात उतरतं. ती परत बसवायला छताचं अस्तर उतरवावं लागतं.

दारातून येणारं पाणी ओळखायला थोडं अवघड. दाराच्या पॅनेलमागे एक प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. काचेवरून आत उतरलेलं पाणी तो दाराच्या तळाच्या भोकांकडे वळवतो. बाहेरून स्पीकर बसवून घेताना हा पडदा फाडला गेला किंवा नीट चिकटवला नाही, तर पाणी थेट उंबऱ्यावरून कार्पेटात येतं. डाग दाराच्या बाजूला असेल आणि गाडीला नवे स्पीकर लावलेले असतील, तर आधी इथेच बघा.

समुद्राचं पाणी वेगळं प्रकरण आहे. ओल्या कपड्यांनी सीटवर बसल्यावर खारं पाणी भोकांतून फोममध्ये आणि फॅनवर जातं. पाणी सुकतं, मीठ राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं होतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे मे महिन्यात समुद्रावर बसलेली ओल जुलैत स्वतःहून परत येते. किनाऱ्यावरून परतताना सीटवर जाड टॉवेल, आणि सीटचा फॅन बंद. ओढणारा फॅन त्या वेळी चालू असला तर तो मिठाचं पाणी स्वतःकडेच खेचतो.

कार्पेट ओलं असेल तर मॅट काढा, कार्पेटची कड उचलून खाली लाकडाचा ठोकळा सरकवा, टेबल फॅन लावून दोन-तीन दिवस सुकवा. काचा बंद करून उन्हात ठेवल्याने ते सुकत नाही, वाफ आतच फिरते.

गरम सीटची सोय असेल तर

काही गाड्यांत त्याच बटणाच्या दुसऱ्या बाजूला सीट हीटर असतो. कुशनमध्ये रोधक तारेची किंवा कार्बन धाग्यांची चादर असते, तिचा रोध काही ओहमचा, आणि एक सीट साधारण चार ते आठ अँपिअर ओढते. तापमान मोजणारा सेन्सर चादरीतच असतो. ठरलेलं तापमान आलं की करंट तुटतो, उतरलं की पुन्हा जोडला जातो. गोव्यात हे बटण वर्षभर कोणी दाबत नाही, मग जानेवारीच्या पहाटे चोर्ला घाटातून बेळगावला जाताना दाबलं की कळतं बंद आहे. कारण बहुतेक वेळा एकच: मागच्या सीटवरचं सामान घ्यायला पुढच्या सीटवर गुडघा टेकवणं. त्या एका जागी वजन येऊन तार तुटते.

हीटरच्या दोन पिनांमध्ये, कपलर काढून, रोध मोजा. काही ओहम आला तर चादर धड, मीटरने अनंत दाखवलं तर तुटली. तुटलेली चादर सांधू नका. सांध्याच्या जागी उष्णता एकवटते आणि सीट जळते. पाठीचं दुखणं म्हणून तासन्‌तास हीटर लावणाऱ्यांनी, आणि विशेषतः मधुमेहामुळे पायांची-मांड्यांची संवेदना कमी झालेल्यांनी सांभाळा. कातडी भाजते आणि कळतही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बंद करा, वर घोंगडी किंवा उशी ठेवू नका.

इथे थांबा

डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला असेल. सीट चार बोल्ट काढून बाहेर काढावी लागणार असेल, किंवा कव्हर उतरवावं लागणार असेल. जळका वास आला असेल, वायरचं आवरण वितळलेलं दिसत असेल. नवा फ्यूज लगेच उडत असेल. सप्लाय, अर्थ, फॅन तिन्ही ठीक असून सीट बंद असेल, कारण मग मॉड्यूलचे कोड स्कॅनरवर वाचावे लागतात. गाडी पुराच्या पाण्यात सीटपर्यंत उभी राहिली असेल, तर इग्निशनसुद्धा ऑन करू नका, टो करून न्या. इलेक्ट्रिक गाडीत सीटचे फॅन बारा व्होल्टवरच चालतात, पण नारंगी केबल (उच्च व्होल्टेजची) दिसली की हात मागे.

वॉरंटीत असलेल्या गाडीत तपासणी ५ च्या पुढे जाऊ नका. वर्तमानपत्रावरचा डाग, एसी चालू असताना कोरडी राहिलेली गाडीखालची जमीन यांचे फोटो काढा आणि जॉब कार्डवर "सीटचा फॅन बंद" एवढंच न लिहिता "पुढच्या डाव्या बाजूचं कार्पेट ओलं, पाण्याची वाट शोधावी" असं लिहून घ्या. नाहीतर फॅन बदलून मिळतो आणि पाणी तसंच राहतं.

दुरुस्तीनंतर दोन तपासण्या बाकी असतात. त्याच दिवशी कागदाची, सीट पूर्ण पुढे, मधे आणि पूर्ण मागे अशी तीन जागी. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची. कागद कोरडा निघाला तरच मॅट परत घाला.